कागद, वर्ख आणि पन्नासावी प्रत

गेल्या अंकात मर्यादित आवृत्तीच्या छापचित्रांविषयी उत्तर देताना “छापून झाल्यावरचे हातकाम हा वेगळाच विषय आहे” असे एक वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो. वाचकांनी ते वाक्य नेमके पकडले आणि या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्याच विषयाची निघाली, त्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वाईच्या घाटाचे रात्रीचे एक रेखाचित्र मी काढले आहे. त्याच्या ५० प्रती ३१० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३१० ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावर पिग्मेंट शाईच्या (रंगद्रव्याचे कण असलेल्या शाईच्या) इंकजेट यंत्रावर छापून घ्यायच्या आहेत. प्रत्येक प्रतीत नदीला निळ्या जलरंगाची झाक द्यायची, पाण्यात सोडलेल्या १७ दिव्यांना सोन्याचा वर्ख लावायचा, कागदाच्या चारही कडा फाडून घ्यायच्या आणि कोपऱ्यात माझ्या नावाच्या शिक्क्याचा बिनशाईचा उठाव घ्यायचा, असे मनात आहे. यातले कोणते काम आधी करावे, आणि एक प्रत पूर्ण करून मग दुसरी हातात घ्यावी का?
— एक चित्रकर्ती, सातारा

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एकेक प्रत पूर्ण करत जाऊ नये. एक काम घ्यावे, ते सगळ्या कागदांवर पुरे करावे आणि मगच पुढच्या कामाला हात घालावा. एकेक प्रत संपवत जाणाऱ्याच्या पहिल्या पाच प्रती शिकण्यात जातात, मधल्या तीस चांगल्या होतात आणि शेवटच्या पंधरा कंटाळ्याने उरकल्या जातात. विकत घेणाऱ्याला मात्र यातली कोणती प्रत मिळेल हे त्याच्या नशिबावर राहते. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ‘करियर अँड आइव्हज’ या छापखान्यात शिळाछापाच्या काळ्या प्रती रंगवण्यासाठी स्त्रिया लांब टेबलाशी ओळीने बसत. समोर रंगवलेली नमुना प्रत ठेवलेली असे, प्रत्येकीकडे एकच रंग असे आणि एकीचा रंग भरून झाला की कागद पुढचीकडे सरके. आपण एकट्या आहात, तेव्हा त्या ओळीतल्या सगळ्या जणी आपल्यालाच व्हावे लागेल. पण एका वेळी एकच.

ती समोर ठेवलेली नमुना प्रत फार महत्त्वाची आहे. छापखान्यांच्या व्यवहारात ‘बों आ तिरे’ नावाची एक प्रत असते. चित्रकार तिच्यावर “अशीच छापा” या अर्थाने सही करतो आणि छापणारा प्रत्येक छाप तिच्याशी ताडून पाहतो. आपल्याला तशी प्रत दोनदा करावी लागेल : एकदा नुसत्या छपाईची आणि दुसऱ्यांदा रंग, वर्ख, कडा, उठाव असे सगळे हातकाम झालेली. ही दुसरी प्रत सावकाश, दोन दिवस घेऊन करावी, तिच्यावर किती थेंब पाणी, कोणता कुंचला, डिंक किती वेळ वाळू दिला हे सगळे वहीत टिपून ठेवावे, आणि पुढचे सगळे काम तिच्याकडे पाहून करावे. नुकत्याच संपवलेल्या कागदाकडे पाहून पुढचा कागद कधीही रंगवू नये. ती नकलेची नकल होते, आणि पन्नासाव्या प्रतीपर्यंत नदीचा रंग कोठल्या कोठे गेलेला असतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका आवृत्तीवर निळ्या रंगाचा पातळ थर द्यायचा होता. रंग एकाच वाटीत कालवून घेतला होता, त्यामुळे सगळ्या प्रती सारख्या होणार याची मला खात्री होती. डोक्यावर पंखा चालू होता. संध्याकाळी पहिला, पंचविसावा आणि शेवटचा कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पहिल्या कागदावर पहाटेचे आकाश होते आणि शेवटच्यावर शाईची दौत. वाटीतले पाणी दिवसभर उडत राहिले होते आणि रंग दाट होत गेला होता. माझा डोळा मात्र आधीच्या कागदाशी तुलना करत होता आणि दोन शेजारच्या कागदांत फरक दिसत नव्हता. तेव्हापासून मी रंग झाकणाच्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवतो, दहा कागदांना पुरेल एवढाच वाटीत काढतो आणि दर दहा कागदांनंतर नमुना प्रत शेजारी ठेवून पाहतो.

आता क्रमाकडे वळू. माझा साधा नियम असा आहे की, ज्या कामात कागद बिघडण्याची भीती सर्वांत जास्त, ते काम सर्वांत आधी करावे, कारण तेव्हा त्या कागदावर आपले श्रम सर्वांत कमी पडलेले असतात. त्यामुळे ५० प्रतींसाठी निदान ५८ कागद छापून घ्यावेत. छपाई होऊन आलेले कागद निदान एक दिवस मोकळे ठेवावेत किंवा मध्ये साधे कोरे कागद घालून ठेवावेत, म्हणजे शाईतील उडून जाणारा द्रव निघून जातो. मग खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक कागद तपासावा. सुती कागदावर कापसाचा एखादा तंतू सुटा चिकटलेला असतो. तो छापल्यावर गळून पडतो आणि गडद भागात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहतो. रात्रीच्या चित्रात असे ठिपके चांदण्यांसारखे दिसतात, पण आपण न काढलेल्या चांदण्या चित्रात नकोत. (छपाई करणाऱ्याला आधीच सांगितले तर तो कागद यंत्रात घालण्यापूर्वी मऊ ब्रशने झटकून घेतो.)

कागद उचलताना दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरावा आणि मध्ये थोडी झोळ राहू द्यावी. एका हाताच्या चिमटीत कडेला धरून उचलला की बोटांपाशी नखाएवढी, चंद्रकोरीसारखी मोड पडते आणि ती दाबून, इस्त्री करून, कशानेही जात नाही. मॅट कागदावरचा छापील थर दिसतो त्यापेक्षा नाजूक असतो. शर्टाची बाही घासली तरी गडद भागावर चमकदार ओरखडा उमटतो.

पहिले काम कडा फाडण्याचे. पोलादी पट्टी घट्ट दाबून धरावी आणि पट्टीबाहेरचा काठ सावकाश, बोटभर बोटभर अंतराने ओढत फाडावा. ३१० जीएसएमचा कागद जाड असतो, त्यामुळे फाडण्याच्या रेषेवर मागच्या बाजूने हाडाच्या पट्टीने घडी रेखून घेतली किंवा ओल्या कुंचल्याची एक रेघ ओढून दोन मिनिटे थांबले, तर काठ मऊ पडतो. कागदाच्या तंतूंचा कल ज्या दिशेला असेल त्या दिशेने तो सरळ फाटतो आणि आडव्या दिशेने वाकडातिकडा जाऊ पाहतो. तेव्हा आडव्या कडांना जास्त वेळ द्यावा. पिसारलेली, उघडी बाजू एकाच तोंडाला येते. ती समोर दिसावी की मागे राहावी, हे आधी टाकाऊ कागदावर फाडून ठरवावे आणि मग सगळ्या प्रतींत तेच ठेवावे.

दुसरे काम उठावाचे. तो फाडलेल्या कडेपासून ठरावीक अंतरावर यायला हवा, म्हणून कडेच्या आधी तो घेता येत नाही. रंगानंतर घ्यावा असे काही जण सांगतात, परंतु शिक्क्याच्या चिमट्याखाली कागद एक मिलिमीटर सरकला तरी ठसा दुहेरी होतो, आणि अशा वेळी त्या कागदावर तीन दिवसांची नदी आधीच वाहत असेल तर फार वाईट वाटते. उठाव घेतल्यावर मात्र दहापेक्षा जास्त कागद एकावर एक ठेवू नयेत, नाही तर खालच्या कागदांवरचा उठाव वरच्या भाराने दबून जातो.

तिसरे काम रंगाचे. इंकजेटच्या कागदावर शाई शोषून घेणारा एक थर असतो आणि तो पाणीही तितक्याच घाईने पितो, त्यामुळे जलरंगाच्या कागदावर रंग जसा पसरतो आणि कड जशी मऊ करता येते तसे येथे होत नाही. कुंचला टेकवला तिथे रंग बसला. पुन्हा पुन्हा पाणी फिरवले तर तो थर शेवयांसारखा वळून सुटू लागतो. म्हणून कुंचला जवळजवळ कोरडा ठेवावा, एकाच दिशेने एकदाच फिरवावा, गडद छटा हवी असेल तर पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा. पिग्मेंट शाई पाण्याला बरीच दाद देत नाही, तरी “बरीच” या शब्दावर आवृत्ती सोपवू नये. काळ्या रेषेवर ओला कुंचला फिरवून, टीपकागद दाबून, शाई उतरते का हे बिघडलेल्या प्रतीवर पाहून घ्यावे. रंग निवडताना नळीवर छापलेली प्रकाशात टिकण्याची श्रेणी पाहावी. फेल्ट पेन आणि रंगद्रव्याऐवजी डाय (द्रवात विरघळलेला रंग) असलेल्या चमकदार शाया कितीही मोहक असल्या तरी येथे वापरू नयेत, कारण काही वर्षांत छापील भाग जसाच्या तसा आणि हाताने केलेला भाग उडालेला, अशी उलटी गंमत होते.

नदीचा काठ सगळ्या प्रतींत एकाच रेषेवर यावा असे वाटत असेल तर पातळ पॉलिस्टर फिल्मचा साचा कापून घ्या. पॅरिसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ‘पोश्वार’ या नावाने हे काम इतक्या उंचीला पोहोचले होते की, एका चित्रासाठी रंगागणिक वेगळे असे कितीतरी साचे कापले जात. पण काठ साच्याने आणि आतली लाट हाताने, अशी वाटणी माझ्या मते अधिक शोभेल. सगळेच साच्याने करायचे तर ते यंत्रानेच छापून का घेतले नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देता येत नाही.

रंग वाळल्यावर संरक्षक फवारा मारायचा असेल तर तो याच टप्प्यावर, वर्खाच्या आधी मारावा, कारण वर्खावर फवारा पडला की सोन्याचे तेज मंद होते. फवारताना खालचा सहीचा पट्टा कागदाच्या पट्टीने झाकून घ्यावा. फवाऱ्याच्या थरावर शिसपेन्सिल नुसती घसरते.

वर्ख शेवटी. १७ दिवे आणि ५० प्रती म्हणजे ८५० ठिपके होतात, तेव्हा ठिपका कुंचल्याने काढण्यापेक्षा बोथट केलेल्या बांबूच्या काडीने उमटवावा. आकार सारखा राहतो. तेलाचा चिकट थर कागदात झिरपून भोवती डाग पाडतो, म्हणून पाण्यावर आधारलेला वर्खाचा डिंक घ्यावा. तो लावल्यावर दुधी दिसतो आणि सुमारे १५ ते ३० मिनिटांत पारदर्शक होतो. मग बोटाचे पेर उलटे करून हलकेच टेकवावे. पेर उचलताना डिंकाने ते किंचित धरून सोडल्यासारखे वाटले, पण पेराला काही लागले नाही, की वर्खाची वेळ झाली. वर्ख ठेवावा, वर पातळ कागद धरून कापसाने दाबावा आणि भोवतालचा सुटा वर्ख लगेच न काढता दुसऱ्या दिवशी मऊ कुंचल्याने झाडावा. अकीकाच्या दगडाने घोटून ओप देण्याचा मोह टाळावा, कारण तो ओप खाली मातीचा किंवा चुन्याचा थर असेल तेव्हाच चढतो. डिंकावरचा वर्ख घोटला तर निघून येतो. आणखी एक सूचना अशी की, काही जलरंगांत मध असतो आणि ते दमट हवेत किंचित चिकट राहतात. वर्ख अशा रंगालाही चिकटतो. नदीत नको तिथे सोने दिसू लागले तर दोष वर्खाचा नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी ३० प्रतींवर सोनेरी वर्ख लावून विकल्या. आता दोन ग्राहकांनी फोटो पाठवले आहेत. वर्ख काळपट पडला असून कडेला हिरवट झाला आहे आणि एका प्रतीत चक्क बोटांचे ठसे उमटले आहेत. दुकानात सोन्याचाच वर्ख म्हणून मिळाला होता.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो सोन्याचा नव्हता. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचा, म्हणजे पितळेचा तो वर्ख होता, आणि घामातील क्षारांनी व दमट हवेने पितळेचे जे होते तेच त्याचे झाले. शंभर नंबरी सोने काळे पडत नाही. दोन्हींतला फरक विकत घेतानाच ओळखता येतो. खऱ्या सोन्याचे पान साधारण ८ सेंटिमीटर चौरसाचे असते आणि बहुधा २५ पानांच्या पुस्तिकेत येते. पितळी पान त्याहून बरेच मोठे आणि जाडही असते. सोन्याचे पान उजेडासमोर धरले तर त्यातून हिरवट-निळसर प्रकाश पलीकडून दिसतो, इतके ते पातळ असते. पितळी पानातून काही दिसत नाही. आणि किंमत पाहिली तर बाकी परीक्षांची फारशी गरजच उरत नाही.

पितळी वर्ख वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. तो हातमोजे घालून लावावा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर, फक्त त्याच्यावरच, बारीक कुंचल्याने लाखेच्या पातळ वॉर्निशचा थर द्यावा. थर कडेबाहेर गेला तर कागदावर चमकदार डाग पडतो. रुपेरी रंग हवा असेल तर ॲल्युमिनियमचा वर्ख घ्यावा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख स्वस्तात मिळतो म्हणून काही विद्यार्थी तो लावतात. हवेतील गंधकामुळे तो काळवंडतो, आणि मिठाईवर तेवढा काळ तो राहत नाही म्हणूनच आपल्याला ते कळत नाही.

विकलेल्या प्रतींचे म्हणाल तर काळवंडलेला वर्ख चोळून स्वच्छ करायला जाऊ नका, कारण आधी कागदाचा थर निघेल. ग्राहकांना प्रत परत मागवून खऱ्या सोन्याने पूर्ण केलेली प्रत, त्याच क्रमांकाने, देऊ करा आणि जुनी प्रत त्यांच्या माहितीने फाडून टाका. हे खर्चाचे आहे. पण सोने म्हणून विकले होते.

प्रश्न : सही पेनने करावी की शिसपेन्सिलने?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : शिसपेन्सिलने. ग्राफाइट उडत नाही, पसरत नाही, कागदात बारीक खाच पाडते आणि त्यामुळे छापलेली सही व हाताने केलेली सही यांतला फरक भिंग लावून पाहता येतो. क्रमांक डावीकडे, शीर्षक मध्ये, सही उजवीकडे, हा रूढ संकेत आहे. एचबी किंवा बी पुरेशी आहे.

प्रश्न : माझ्या लाकूडछापाच्या ४० प्रती मी हाताने रंगवल्या आणि मुद्दामच प्रत्येक प्रतीत आकाश वेगळे ठेवले. मग १/४०, २/४० असे लिहिणे खोटेपणाचे ठरते का? पहिल्या क्रमांकाला जास्त किंमत मागावी का? एका मित्राचे म्हणणे असे की, हाताने रंगवले म्हणजे प्रत्येक प्रत मूळ चित्रच झाली, तेव्हा तसेच सांगून विकावे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मित्राचा सल्ला मानू नका. ठशावरून आलेली रेषा चाळीस कागदांवर तीच आहे, तेव्हा ते छापचित्र आहे, आणि छापचित्र असणे ही काही कमीपणाची गोष्ट नाही. क्रमांक देणेही खोटे नाही. फक्त त्याच्यापुढे ‘ई.व्ही.’ ही अक्षरे लिहावीत. फ्रेंचमधील ‘एदिस्यों वारिए’, म्हणजे प्रती एकमेकींहून मुद्दाम वेगळ्या ठेवलेली आवृत्ती, असा त्याचा अर्थ असून जगभर छापचित्रांच्या व्यवहारात तो समजला जातो. ग्राहकाला मात्र त्याला मिळणार असलेल्या नेमक्या प्रतीचे छायाचित्र दाखवावे. एका प्रतीचे छायाचित्र दाखवून दुसरी पाठवली तर ई.व्ही. लिहूनही भांडण टळत नाही.

मुद्दाम ठेवलेला फरक आणि हातून झालेला फरक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पाहणाऱ्याला त्या लगेच कळतात. आकाश वेगळे असेल तर चाळीसही आकाशे ठळकपणे वेगळी असावीत. सातारच्या चित्रकर्तीप्रमाणे एकसारखी नदी हवी असेल तर ती शक्य तितकी एकसारखी असावी. मधले काही असू नये. काय बदलणार आणि काय बदलणार नाही हे काम सुरू करण्यापूर्वी एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ऐकतात फार थोडे.

पहिल्या क्रमांकाला जास्त मान मिळण्यामागे एक खरे कारण होते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून केलेल्या ड्रायपॉइंटमध्ये रेषेच्या कडेला धातूची बारीक किनार उभी राहते आणि तिच्यात अडकलेल्या शाईमुळे रेषा मखमली उठते. यंत्राच्या दाबाखाली ती किनार लवकर झिजते, त्यामुळे सुरुवातीच्या काही प्रतीच सर्वांत देखण्या असतात. लाकूडछापात ४० प्रतींत तसे काही घडत नाही, इंकजेटमध्ये तर मुळीच नाही. तेव्हा किंमत वेगळी ठेवायचीच असेल तर ती क्रमांकाची नव्हे, आकाशाची ठेवावी. क्रमांक हातकाम संपल्यावर, बिघडलेल्या प्रती बाजूला काढल्यावरच घालावेत. आधी घातले तर तेविसावी प्रत बिघडली की तिच्या जागी दुसरी आणून तोच क्रमांक घालण्याचा मोह होतो. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती साधारण एक दशांशापर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे आपल्याला चार. त्यांच्यावर ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहावे.

लाकडाचा ठसा आवृत्ती संपल्यावर कोरून रद्द करता येतो आणि पूर्वी अनेक जण तसे करून त्याचाही एक छाप घेऊन ठेवत. संगणकावरच्या फाइलीला असा ओरखडा काढता येत नाही, म्हणून तेथे चित्रकाराचा शब्द हीच एकमेव मर्यादा असते. पुढे त्याच चित्राची लहान आकारातली आवृत्ती काढण्याचा विचार असेल तर तो आजच्या ग्राहकाला आजच सांगावा. याच कारणाने मला अशा इंकजेट छापचित्रांना दिला जाणारा ‘जिक्ले’ हा शब्द फारसा आवडत नाही. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून कॅलिफोर्नियातील छपाईतज्ज्ञ जॅक डुगान यांनी तो १९९१ मध्ये वापरात आणला. शब्द गोड आहे, पण “सुती कागदावर पिग्मेंट शाईची इंकजेट छपाई, त्यावर हाताने जलरंग आणि वर्ख” असे साधे लिहिले तर विकत घेणाऱ्याला काय मिळते आहे हे कळते.

प्रश्न : आमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मीचे जुने छापील चित्र आहे. खाली रवि वर्मा प्रेसचे नाव असून लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि खडे चिकटवलेले आहेत. ही हातकाम केलेली मर्यादित आवृत्ती म्हणायची का? आणि ते धुरकटलेले चित्र स्वच्छ कसे करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मर्यादित आवृत्ती नव्हे, उद्देश नेमका उलटा होता. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो आपली चित्रे घरोघरी पोहोचावीत म्हणून, आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि त्यानंतरही तेथून देवदेवतांची चित्रे मोठ्या संख्येने बाहेर पडत राहिली. रंगागणिक वेगळ्या दगडावरून छापायचे, वरून वॉर्निशचा थर देऊन तैलचित्राचा भास आणायचा, ही ओलिओग्राफची रीत.

साडीवरची जर छापखान्याची असण्यापेक्षा घरची किंवा बाजारातील सजावट करणाऱ्या कारागिराची असण्याचा संभव अधिक आहे. चित्र आणायचे आणि मग देवीला नेसवायचे, सजवायचे, हा प्रकार त्या काळी भारतभर चालत असे. लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक मुद्दाम शोधतात. मला स्वतःला त्यात आजच्या हातकामापेक्षा जास्त जिव्हाळा दिसतो, कारण तेथे प्रत वेगळी करण्याचा हेतू विक्री हा नव्हता. तेव्हा ती जर काढून “मूळ” चित्र मोकळे करण्याचा विचार कृपया करू नका.

स्वच्छतेविषयी एवढेच की, घरी काही करू नये. ओले फडके, लिंबू, कापसावरची कोलन, ब्रेडचा लगदा, हे सगळे उपाय मी ऐकले आहेत. वॉर्निश एका द्रवाला विरघळते, जरीखालचा डिंक पाण्याला, आणि धुराचा थर त्या दोघांत मुरलेला असतो. मागे लाकडी फळी असेल तर ती कागदाला आम्ल देऊन पिवळा करत असते, एवढे फ्रेमवाल्याकडून पाहून घ्यावे आणि तोवर चित्र समईपासून हातभर दूर सरकवावे. पुढचे काम जतनतज्ज्ञाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या जतनाचे केंद्र आहे, तेथे विचारणा करता येईल.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. वर्ख लावलेल्या २० प्रती विक्री होईपर्यंत घरी ठेवायच्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद कराव्यात का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पावसाळ्यात सीलबंद करू नयेत, कारण त्या दिवशीची दमट हवाही आत बंद होते आणि बुरशीला आयती खोली मिळते. प्रत्येक दोन प्रतींत ग्लासाइनचा गुळगुळीत कागद घालावा; टिश्यू कागदाचे तंतू वर्खाच्या कडेला अडकतात. गठ्ठा दोन आम्लविरहित पुठ्ठ्यांमध्ये आडवा ठेवावा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, आणि त्याच खणात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवून त्या दर आठवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्याव्यात. उठाव असलेल्या प्रती वेगळ्या, दहादहाच्या गठ्ठ्यांत. खण आठवड्यातून एकदा, पाऊस उघडलेला असेल अशा दुपारी, अर्धा तास उघडा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. आणि त्या वेळी वरचा एक कागद उचलून नाकाशी धरावा, कारण बुरशी डोळ्याला दिसण्याच्या बरीच आधी वासाला कळते.